तागडीला बांध हलका

माझ्या चुलतभावाला गाव तागडी म्हणायचं. काहीही विचारा, तो दोन्ही तळवे पुढे धरून वरखाली करायचा आणि म्हणायचा, "हे घेतलं तर ते जातं. काय जातं ते आधी बघावं." रोह्याच्या कंपनीत लागल्यापासून हा रोग वाढला. मी चौथीत शाळा सोडली, पण चहा घ्यावा की नाही हे ठरवायला मला कधी तळवे लागले नाहीत.

पेणच्या बाजारात तो मासळीपुढे उभा राहायचा. इथे बोंबील महाग, धरमतरला स्वस्त. पण तिथे जायचं तर अर्धा दिवस जातो, तेवढ्यात कुडाची डागडुजी होते. एवढं होईस्तोवर कोळीण पाटी उचलून चालू लागायची. "आता विचारच शिजव कालवणात," असं एकीने त्याला तोंडावर सांगितलं. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणायची, "यांच्या ताटात दोन भाज्या वाढू नये गो. भात निवतो."

माणूस वाईट नव्हता. माझा पाय मोडला तेव्हा माझी लावणी त्यानेच उरकली. वर त्यात त्याचं काय काय गेलं तेही ऐकवलं.

आमचं गाव खारेपाटातलं. खाडी आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध, बस. बांध फुटून खांड पडली की ओहोटी आहे तोवर घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. मजूर लावायचा नाही, ही बापजाद्यांची रीत. नव्वदनंतरच्या एका भादव्यात उधाणाने सकाळी खांड पडली. भात पोटरीला आलेला, लोंब्या फुटायच्या बेतात. खांडीला लागून पहिलं शेत माझं, दुसरं त्याचं.

तागडी बांधावर आला तो कंपनीच्या कपड्यांत. म्हणाला, "दादा, मी उतरलो तर शिफ्ट जाते. तेवढ्या पैशात दोन मजूर येतात. गावाचा फायदाच हाय."

"पाणी फायदा बघत नाय. उतर."

"दोन हात मोठे का चार?"

मी फावडं घेऊन चिखलात उतरलो. त्याचं बघून आणखी पाच कंपनीवाले बदली माणसं कबूल करून रोह्याच्या गाडीला गेले.

बदली माणसं पेण शहरातली. निवांत जेवून आली. त्यांना घड्याळ कळत होतं, भरती कळत नव्हती. तोवर पाणी फिरलं. माणूस आडवा झोपेल एवढी खांड उरली होती, तेवढीतून सगळी खाडी आत आली. संध्याकाळी माझ्या भातात मासे उड्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता खाऱ्या पाण्यानं तीन वर्षं काय पिकत नाय. म्हणजे तीन वर्षं शिफ्ट पण बुडत नाय. तुझं वॉचमनचं बघू का कंपनीत?"

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो बायकोला घेऊन रोह्याला खोलीवर राहायला गेला, शेत माझ्या गळ्यात टाकून.

दोन्ही शेतं मी पावसाच्या पाण्याने धूत राहिलो. चौथ्या वर्षी पिकलं. तुझं पोतं घेऊन जा, असा निरोप धाडला. उत्तर आलं, यायला एक शिफ्ट जाते, तेवढ्यात इथे दुकानात जास्त तांदूळ येतो.

येत असेल. ते पोतं मी विकलं नाही, घरातही शिजवलं नाही. पुढच्या भादव्यात पुन्हा खांड पडली, तेव्हा जे स्वतः चिखलात उतरले, त्यांना बांधावर त्याचाच भात पोटभर वाढला. "गोड लागतो रे भात, कोणाचा?" एकाने विचारलं.

नाव न घेता मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.