नानांची खुर्ची

भुयारी गटारासाठी आमची आळी खणून ठेवली आहे आणि काम बंद आहे. रिक्षा आत येत नाही. त्यामुळे शेजारच्या नानांना डायलिसिसला न्यायचं तर आम्ही चौघं त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चरावर टाकलेल्या फळ्यांवरून पलीकडे नेतो. आता ते इतकं सफाईनं जमतं की खुर्ची हलतसुद्धा नाही. परवा ठेकेदाराचा साहेब ते पाहून कौतुकानं म्हणाला, "बघा, तुमचं तर काही अडत नाही!"

माझं डोकंच फिरलं. काम पुरं करा म्हणून आम्ही पत्रकं वाटतो, घोषणा देतो आणि त्याच हातांनी यांची बेपर्वाई झाकतो. आम्हाला सोसायची सवय झाली, की यांना ती परवानगी वाटते. माणुसकी आम्ही दाखवायची आणि तिच्या जिवावर निवांत यांनी राहायचं!

आज खुर्ची उचलायला वाकलो, तर नाना गुरगुरले, "थांबा रे. त्या साहेबाला बोलवा. खुर्चीचा एक पाय त्याला धरू दे."

"नाना, उशीर होईल."

"होऊ दे. तो आल्याशिवाय मी हलत नाही."

मी साहेबाला फोन लावला. नाना चराच्या काठावर बसून राहिले, आणि दवाखान्यातली त्यांची वेळ टळत चालली.