आम्ही रशियन कवीला गोरं केलं

क्लायंटने व्हिडिओ कॉलवर फ्रेम थांबवली आणि विचारलं, "हा कोण?"

"हीरो," आमचे बॉस मूर्तीसर म्हणाले.

"माझा हीरो असा दिसत नाही."

महादेवपुऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत सिनेमांचं व्हीएफएक्स होतं. मी तिथे सुपरवायझर आहे. हा सिनेमा जुन्या काळच्या एका रशियन कवीवर होता. कवीचे पणजोबा आफ्रिकेतून आलेले. म्हणून दिग्दर्शिकेने, म्हणजे आमच्या या क्लायंटने, मुद्दाम सावळा, कुरळ्या केसांचा नट घेतला होता. रशियन कवी असा कसा, म्हणून तिकडे पुष्कळ ओरड झाली. ती बधली नाही. आमच्याकडे काम साधं होतं. खिडकीबाहेर बर्फ पाडायचा आणि क्लीनअप, म्हणजे विगची जाळी, मेकअपची कड वगैरे पुसायचं.

शॉटमध्ये मेजवानीत एक सरदार कवीच्या रंगावरून टोमणा मारतो आणि सगळे हसतात. आमच्या व्हर्जनमध्ये कवी सरदारापेक्षा गोरा होता. लोक कशाला हसतायत, देव जाणे.

"हे कोणी केलं? मला नाव हवंय," दिग्दर्शिका म्हणाली. "तो माणूस या सिनेमावर नको."

मूर्तीसरांनी माईक म्यूट केला. "देऊन टाकू नाव. एक माणूस काढला तर बाकी प्रोजेक्ट तरी राहील."

तो माणूस म्हणजे सचिन. मूळचा निपाणीचा. बायको-मुलांना नुकतंच इकडे शहराबाहेर आनेकलला आणलेलं. मी त्याला आत बोलावलं.

"अक्का, मी नेहमीचंच केलो की," तो म्हणाला. "हीरो डल् दिसत होता. स्वल्प उजळ केलो. हे काय कुणी सांगायला लागतंय?"

खरंच, कुणाला सांगावं लागत नाही. इकडच्या सिनेमांत हीरो-हिरॉइनचा चेहरा उजळणं म्हणजे भाजीत मीठ घालणं. त्यासाठी आमच्याकडे प्रीसेट आहे, म्हणजे एका क्लिकवर लागणारी तयार सेटिंग. शॉट तपासणीत सगळ्यांनी पास केला होता. मूर्तीसर तर "एकदम फ्रेश!" म्हणाले होते. आता चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं डोकंच फिरलं.

मी माईक चालू केला. "मॅडम, नाव द्यायचं तर अख्ख्या ऑफिसचं द्यावं लागेल. सावळा रंग आम्ही विगच्या जाळीसारखाच पुसतो. कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही."

मूर्तीसर माझ्याकडे असे बघत होते, की मी मनात राजीनामा लिहायला घेतला.

"ज्याने केलं, त्यानेच दुरुस्त करायचं," दिग्दर्शिका म्हणाली. "आणि बाकीचे शॉटही तपासा."

तपासले. प्रत्येक शॉटमध्ये कवी उजळलेला होता. नोकर आणि गाडीवान मात्र जसेच्या तसे. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

सचिनने मूळ रंग परत आणला. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अक्का, हा तर आमच्या मामासारखा दिसतोय की."

शॉट पास झाले. सचिन टिकला, मीही टिकले. तो प्रीसेट मी सिस्टिममधून काढून टाकला. आता चेहरा उजळून हवा असेल तर क्लायंटने तसं स्पष्ट सांगायचं, असा नियम केला. मला वाटलं, तोंडाने मागायची वेळ आली की लोकांना थोडा तरी संकोच वाटेल.

त्यानंतर कन्नड, तेलुगू, मराठी, सगळ्या प्रोड्युसरांचे फोन आले. अजून एकही लाजलेला नाही.