ज्ञानदाचा टॉवेल

ज्ञानदा बिराजदार आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलेल्या तासांचे पैसे आणि सुट्टीत नुसता मान. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे मला रसायनशास्त्र कळतं असा आरोप माझ्यावर कुणी करणार नाही. पण या पोरीचं मला भारी कौतुक.

मॉलिब्डेनमचे सहा अणू एकत्र बांधून भोवती आयोडीन बसवलं की एक पुंजका तयार होतो. अतिनील दिव्याखाली तो लाल उजळतो आणि साध्या उजेडातही जंतू मारतो. तो सोलापुरी टॉवेलच्या धाग्यात बसवायचा, हा तिचा ध्यास. कित्येक वर्षं हा पुंजका पहिल्याच धुण्यात निघून जायचा. अखेर टिकला. धुण्यातही आणि आपल्या उन्हातही.

निधी देणारी समिती येणार कळताच प्राचार्यांनी संशोधनासाठी काय केलं? जिना रंगवून घेतला. ज्ञानदाला मात्र बजावलं, प्रकल्प मंजूर झाला तर पूर्णवेळ जागा, नाहीतर जूनपासून तासही बंद.

समितीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या गंगम्मा मावशींनी दाखवण्यासाठी तबकात ठेवलेल्या नव्या टॉवेलच्या कोपऱ्याला हळदीची बोटं ओढली.

"मावशी, अहो हे काय केलंत?" ज्ञानदा किंचाळली.

"नवं कापड कोरं दिऊ न्हाय बाई कुणाला. आता बग, काम हुतंय का न्हाय!"

दुसरा टॉवेल तयार नव्हता. खोलीत अंधार केला, अतिनील दिवा लावला. टॉवेल मंद लाल उजळला आणि कोपऱ्यात हळद पिवळीधमक पेटली. सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"हे पिवळं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती हळद आहे, सर. माझं संशोधन लाल..."

"हळद! आपली हळद!" अध्यक्षांनी टाळी वाजवली. मग समितीनं वाजवली. प्राचार्यांनी सगळ्यात जोरात.

ज्ञानदा लालबुंद झाली. "सर, हळदीचा रंग उन्हात उडतो. माझ्या पुंजक्याचा उडत नाही."

"मग हळद उडणार नाही एवढं बघा की! तुम्हाला तर टिकवायचं तंत्र जमलंय. लालचं पुढं कधीतरी पाहू."

प्रकल्प तिथल्या तिथं मंजूर झाला. मला संताप आला, पण नोकरी माझी जाणार नव्हती. ज्ञानदानं होकाराची मान हलवली.

नेमणुकीचे पेढे घ्यायला मी प्रयोगशाळेत गेलो. ती हळद खलत होती. मला बघून उठली आणि पिवळे हात त्याच टॉवेलला पुसले.