निंबर्ग्याची हूं म्हणणारी

हत्तरगे गुरुजी गेल्याची बातमी आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी सव्वासातला आली. साडेसातपर्यंत हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. सात चाळीसला एकांनी टाकलं, 'हार्दिक अभिनंदन गुरुजी, असेच लिहीत राहा.' गटावर गुरुजींचा फोटो दिसला म्हणजे पुरस्कारच मिळाला असणार, असा त्यांचा समज झाला. त्या अभिनंदनालाही चौघांनी लाल हृदय दिलं.

ज्यांना गुरुजी माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते. ते कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचे. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. गावात कन्नड बोलले, बाजारात दखनी, आणि लिहिलं मराठीत. सहा कादंबऱ्या. पुण्यात त्यांना 'सीमाभागाचा अस्सल आवाज' म्हणत. पुस्तक विकत न घेता आदर दाखवायचा असला की असं म्हणतात.

पुढचा आठवडा आम्ही मनापासून शोक केला. गटाच्या चित्रात मेणबत्ती ठेवावी की समई, यावर दोन जण गट सोडून गेले. शेवटी गटाचे चालक सबनीस सर, निवृत्त प्राध्यापक, यांनी जाहीर केलं की आपण गुरुजींच्या गावी जायचं, कादंबऱ्यांतल्या जागा पाहायच्या. सतरा जणांनी 'नक्की' लिहिलं. जानेवारीतल्या त्या सकाळी पुणे स्टेशनवर सबनीस सर आणि मी, असे दोघं होतो.

मी का गेले, ते गटावर सांगितलं नव्हतं. इथं सांगते.

चार वर्षांपूर्वी गुरुजींची शेवटची कादंबरी आली. तिच्या शेवटी मलव्वा नावाची बाई अठ्ठावीस वर्षांचा संसार सोडून निघून जाते. चुलीवर भाकरी, भाकरीला हात न लावता. समीक्षकांना तो शेवट भयंकर आवडला. मी मात्र गुरुजींना तीन पानी पत्र लिहिलं. कुठली बाई स्वतः थापलेली भाकरी टाकून उपाशी घर सोडते? तुम्हाला बायका कळत नाहीत, त्या फक्त सुंदर दिसतात लांबून चालत जाताना. असं बरंच. तेव्हा माझे दिवसही बरे नव्हते, आणि त्याचं बिल मी गुरुजींच्या नावावर फाडलं.

उत्तर आलं नाही. त्यानंतर त्यांचं एकही पुस्तक आलं नाही. गटावर 'गुरुजींचं अर्थपूर्ण मौन' यावर चर्चा व्हायची, तेव्हा मी चष्मा पुसत बसायची. त्यांना गप्प करणारी मीच, हे माझ्यापुरतं ठरलं होतं. ते खरं का, एवढंच विचारायला मी निघाले होते. कुणाला विचारणार, हे माहीत नव्हतं.

पहिला दिवस: सोलापूर, उमरगा, बसवकल्याण

जायचं असेल तर सकाळच्या गाडीनं सोलापूर गाठा. तिथून उमरग्याला एसटी भरपूर आहेत, महामार्ग चांगला आहे. महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे उमरग्यापर्यंत मी सबनीस सरांकडे जरा वरून पाहत होते. उमरग्याला कर्नाटकची बस धरली. कंडक्टरनं माझं आधार कार्ड उलटंपालटं केलं.

"पुण्याचं हाय की हे. मग पैसे द्या अक्का. फुकट आमच्या बायकांना."

मागून एक म्हातारे म्हणाले, "दे म्हणावं अण्णा. पुण्याची मान्सं फुकटात नुसती नावं ठेवायलेत."

बस हसली. मला पत्र आठवलं.

बसवकल्याणला बसस्टँडजवळ साधा, स्वच्छ लॉज मिळतो. गरम पाणी सहा ते आठ, त्यानंतर तुमचं नशीब. किल्ला बघा, दोन तास पुरतात. आम्हाला घाई होती, कारण चार वाजता एका शाळेच्या सभागृहात गुरुजींची शोकसभा होती.

नऊ वक्ते बोलले. पहिल्यांनी गुरुजींनी आपल्या कवितांचं कौतुक केल्याचं सांगितलं आणि त्या कविता वाचल्या. दुसऱ्यांनी गुरुजी आपल्या घरी जेवल्याचं सांगितलं, पदार्थांसकट. एकांनी गुरुजी आपल्याला दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा आपल्याकडूनच प्रेरणा घेऊन गेले, असं सांगताना डोळे पुसले. सबनीस सर अठरा मिनिटं बोलले. त्यात 'मी' किती वेळा आला ते मी मोजत होते, मग सोडून दिलं. चार वर्षं गुरुजींच्या मौनाच्या मधोमध स्वतःला बसवून ठेवणारी मी, मला हसायचा काय अधिकार?

बाहेर गाड्यावर सुसला आणि मिरची भजी खाल्ली. सुसला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ, पोह्यांचा इकडचा भाऊ. मिरची खरोखर तिखट असते. सबनीस सरांना शोकसभेत आलं नव्हतं तेवढं पाणी डोळ्यांत आलं.

दुसरा दिवस: निंबर्गा

बसवकल्याणहून आळंदची बस सकाळी लवकर धरा, नंतर बराच वेळ काही नसतं. रस्ता मध्येमध्ये आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, खळ्यांवर तुरीचा ढीग, आणि मोकळं, रुंद आभाळ. आळंदहून निंबर्ग्याला दुसरी बस, नाहीतर सीट भरेपर्यंत थांबणारी रिक्षा.

गावात उतरल्यावर सबनीस सरांनी शेवटची कादंबरी उघडली. पानापानाला चिठ्ठ्या लावल्या होत्या. पारावर बसलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं, "मलव्वा जिच्या काठावर बसून निर्णय घेते, ती सात पायऱ्यांची विहीर कुठे आहे?"

"तसली हीर न्हाई."

"पृष्ठ दोनशे बारा," सरांनी पान समोर धरलं.

"पुस्तकात हाय की. मग तिथंच बघा," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मास्तरांच्या घरला जायचंय का? कुलूप हाय. पोरगा बेंगळूरला गेलाय. चावी गंगव्वाकडं."

गुरुजींच्या घरासमोर दोन खोल्यांचं घर. दारात कट्टा. कट्ट्यावर सत्तरीच्या पुढची एक बाई हातात टकळी घेऊन लोकर कातत होती. घरच्या मेंढ्या कधीच गेल्या, मुलगा कलबुर्गीला बांधकामावर जातो. पण हाताला सवय आहे म्हणून कुणाकडून तरी लोकर मागून आणतात. ह्या गंगव्वा. त्यांची सून महादेवी बाहेर आली आणि म्हणाली, "अक्का, आत्याला ऐकू येत न्हाई. कानात वरडावं लागतंय. तुम्ही बोला, मी वरडते."

मी म्हटलं, पुण्याहून आलोय, गुरुजींचे वाचक. महादेवीनं ते कानात ओरडून सांगितलं. गंगव्वांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाचक म्हणजे?"

"पुस्तक वाचणारी."

"आस्सं. मी ऐकणारी," त्या म्हणाल्या. "बस की मग."

त्यांनी सांगितलं ते असं. शाळा सुटली की गुरुजी वही घेऊन या कट्ट्यावर यायचे. लिहिलेलं वाचायचे, जिथं अडेल तिथं कन्नडमध्ये सांगायचे. गंगव्वा कातत कातत ऐकायच्या. इकडं गोष्ट सांगताना समोरच्यानं हूं म्हणायचं असतं, नाहीतर सांगणारा पुढं जात नाही. तेच गुरुजींचं काम करण्याचं गणित होतं.

"मी हूं म्हणले तर पान ठेवायचे. हूं न्हाई म्हणले की फाडायचे. एकदा त्येंनी लिवले, मेंढरू रडायलंय म्हणून. मी गप. मेंढरू कवा रडतंय? फाडले."

सहा कादंबऱ्या. समीक्षकांनी गुरुजींच्या शैलीवर जे काही लिहिलं, त्याचं मूळ या कट्ट्यावर लोकर कातत बसलं होतं आणि गंगव्वांना मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सबनीस सरांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं.

"आजी, साहित्याबद्दल दोन शब्द सांगा."

महादेवीनं हे कानात ओरडायचंच नाकारलं. "ते नको सर. शिव्या देतेत."

मग मी विचारलं. चार वर्षं घशात अडकलेलं ते वाक्य महादेवीच्या तोंडून गल्लीभर ओरडलं गेलं, ही शिक्षा बरी होती. "आत्या! ही अक्का म्हणायलीय! मास्तरांनी लिवायचं कामून सोडलं! हिनं पत्र लिवलं होतं! मलव्वा उपाशी गेली म्हणून! त्यानं सोडलं का!"

शेजारच्या दारातून दोन बायका बाहेर आल्या.

गंगव्वांची टकळी थांबली. "तीन कागदांचं? ते तुझं व्हय?"

मी मान हलवली.

"मला वाचून दाखवले की मास्तर. मी हूं म्हणले. पार शेवटपर्यंत हूं म्हणले. मी आधीच म्हणलं होतं, खाऊन जाऊ दे म्हणून. ते पान फाडले न्हाईत, तेवढं एकच. हट्टाला पेटले. मग तुझं आलं. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत, जसं मीच लिवायला सांगितलं तुला."

"आणि मग?"

"मग काय? तिसऱ्या दिशी नवी वही घेऊन आले. पहिल्याच पानावर बाई जेवायलीय. सहा भाकऱ्या. इतकं कोण खातंय? तिथं बी मी हूं म्हणले न्हाई."

चार वर्षांचा माझा अपराध, दोन दिवस पुरला होता आणि त्यातून सहा भाकऱ्या निघाल्या होत्या. सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, थोडा अपमानही वाटला.

"मग लिहायचं का सोडलं?"

या वेळी महादेवीला ओरडावं लागलं नाही. गंगव्वांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं.

"मी बंद पाडले," त्या म्हणाल्या. "मला ऐकू यायचं कमी झालं. सांगितले न्हाई. म्हणलं, मास्तरांना वाईट वाटंल. ते वाचायचे, मी तोंडाकडं बघून हूं म्हणायचे. तोंड थांबलं की हूं. वरीसभर चाललं. मग त्येंना काय वाटलं की, एक दिवस वही उघडून वाचायले आणि मी आपली हूं, हूं. तर ही महादेवी दारात हसायली. कामून हसायलीस गं, म्हणले. तर मास्तर किराण्याची यादी वाचायलेत म्हणं. तूरडाळ दोन किलो, हूं. अंगाचा साबण, हूं."

सबनीस सर हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"मास्तर चिडले न्हाईत. कलबुर्गीवरून कानाचं यंत्र आणले. ते शिट्टी वाजवायलंय नुसतं, कुंकवाच्या डब्यात हाय. मग रोज यायचे, च्या प्यायचे, बसायचे. वही आणले न्हाईत. वरसाभराची पानं बांधून ठेवले, छापले बी न्हाईत, फाडले बी न्हाईत." त्यांनी टकळीला उगाच एक गिरकी दिली. "मी खरं न्हाई बोलले ना."

मी महादेवीला म्हटलं, सांगा त्यांना, त्यांची चूक नाही. महादेवी म्हणाली, "सांगितलंय की अक्का. हज्जारदा. त्याला बी हूं म्हणायला तयार न्हाईत."

निघायच्या आधी गंगव्वांनी सबनीस सरांच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं, चिठ्ठ्या लावलेल्या त्या पानांवर हात फिरवला आणि माझ्या हातात दिलं. "वाच. शेवटचं."

मी शेवटचं पान वाचलं. म्हणजे ओरडले. ज्या वाक्यांवर मी एकेकाळी पलंगावर पडून रडले होते, ती मी पाण्याच्या टँकरवाल्याच्या आवाजात गल्लीला ऐकवली. 'तिनं वळून पाहिलं नाही' हे इतक्या जोरात की दोन कोंबड्या पळाल्या. शेजारच्या बायका हळूहळू कट्ट्याशी आल्या, पारावरचे गृहस्थ आले. गंगव्वा माझ्या ओठांकडे टक लावून पाहत होत्या. मी संपवलं, थांबले. ती जागा हूंची होती.

गंगव्वांनी टकळी खाली ठेवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय बी ऐकू आलं न्हाई, बाई. हूं म्हणणार न्हाई आता मी."

महादेवीनं ज्वारीच्या भाकऱ्या, तेलातली भरली वांगी आणि शेंगांची चटणी वाढली. मी 'गाडीची वेळ झाली' म्हणून अर्ध्यातून उठायला लागले, तर गंगव्वांनी हात धरून खाली बसवलं. "पत्रात काय लिवलीस?"

पोटभर जेवून निघाले.

परत

आळंदहून आम्ही कलबुर्गीची बस धरली. कडगंचीला विद्यापीठाची मुलंमुली चढली, गर्दी झाली, तेव्हा सबनीस सर म्हणाले, "मॅडम, शोकसभेत मी जरा जास्त बोललो का?" मी हूं म्हणाले. खरं होतं ते. सकाळी कलबुर्गीहून पुण्याची गाडी मिळते. तूरडाळ घ्यायला विसरू नका. दोन किलो घेतली.

गटावर सबनीस सरांनी कट्ट्याचा फोटो टाकला. विहिरीबद्दल काही लिहिलं नाही. अर्ध्या मिनिटात सात हृदयं आली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो सोफ्यावर मोबाइल पाहत होता. शोकसभेला हूं म्हणाला, गंगव्वांना हूं म्हणाला. मी आवाज न बदलता मधेच वाचलं, "तूरडाळ संपत आली, गॅसचा नंबर लावायचाय, अंगाचा साबण दोन."

"हूं," तो म्हणाला. "छान लिहिलंयस."

गुरुजी त्या दिवशी चिडले नाहीत, तेवढं मात्र मला अजून जमलेलं नाही.

तुम्ही इथपर्यंत आला असाल तर एक विनंती. खाली हृदयाचं चिन्ह आहे. वाचलं नसेल, मधलं गाळलं असेल, किंवा वाचूनही पटलं नसेल, तर ते दाबू नका. रिकामी जागा चालेल मला. निंबर्ग्याहून मी तेवढी एकच गोष्ट आणली आहे.