संहारक रुखवतात

चहा जरा खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल आणि वर मलाच बोलणी बसतील. माझ्या मूर्खपणाचे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेतच, पण हा त्यातला मेरुमणी. तुम्ही हसाल. मी अजून हसलेलो नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी विज्ञान कादंबरी, असा माझा पनवेलमधला संसार. लग्न झालेलं नव्हतं, सगळी भिस्त त्या कादंबरीवर. तिच्यात परग्रहावरच्या एका नतद्रष्ट जमातीचं लढाऊ यान होतं, ‘संहारक’. पुढे तोफा, मागे तोफा, पोटाखाली क्षेपणास्त्रं. पाचव्या प्रकरणात ते आपलं एसटी स्टँड बेचिराख करतं. मला ते प्रकरण फार आवडायचं.

दादरचे एक प्रकाशक म्हणाले, हे यान वाचकाच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही. त्याचा झकास फोटो आणा, मुखपृष्ठावर टाकू, मग छापायचं बघू. झालं! मी प्लायवूड, पत्रा, पावडरचे डबे आणि जुन्या बॉलपेनांच्या नळ्या घेऊन बसलो. घरभर रंगाचा वास. आई म्हणायची, एवढ्यात बहिणीच्या लग्नाची निम्मी कामं झाली असती.

आता फोटो कोण काढणार? तर बहिणीच्या, म्हणजे शैलाच्या लग्नाला फोटोग्राफर येणारच होता. म्हटलं, त्याच्याच रोलमधला एक फोटो आपला. आणि कार्यालयात सगळ्यात चांगला उजेड कुठे? रुखवताच्या टेबलावर. मी संहारक विणलेल्या रुमालांच्या आणि साखरेच्या बंगल्याच्या मधोमध ठेवला आणि फोटोग्राफरला शोधायला गेलो. सांगा, इतकी अक्कल दुसऱ्या कुणाला सुचली असती?

परत येतो तो टेबलाभोवती वरपक्षाची ही गर्दी. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांची हौस, ते मुलीबरोबर सासरी जायचं, हे मला काय नवीन होतं? पण ऐन वेळी डोकं चालेल तर तो मी कसला! नवऱ्या मुलाची आत्या यानापुढे हात जोडून उभी होती.

“पुष्पक विमान ना हो हे?” तिने विचारलं. “कोणी केलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्टेजवरून शैलाही बघत होती. काय सांगणार? की हे महापापी लोकांचं यान आहे, आणि तुमच्या सुनेबरोबर पाठवायचं नाहीये? सकाळीच मानपानावरून कुरबुर झालेली, ती मिटते न मिटते तोच मी हे काढू?

“मीच,” मी म्हणालो. “पुष्पकच.”

आत्याबाईंनी तोफांना हळदकुंकू लावलं. संध्याकाळी शैला रडत गाडीत बसली, मांडीवर संहारक. मीही रडलो. लोक म्हणाले, काय भावाची माया! खरं सांगतो, निम्म्याहून जास्त यानासाठी रडत होतो.

आणि फोटो? अल्बममध्ये अख्खं वऱ्हाड रुखवतापुढे ओळीने उभं आहे आणि आत्याबाईंच्या अंबाड्यामागून एक तोफ डोकावते आहे.

शेवटी कुणाचा तरी कॅमेरा मागून घेतला आणि उरणला शैलाच्या सासरी गेलो. बघतो तर संहारक देवघरात. चालकाच्या जागी बाळकृष्ण, आणि तोफेतोफेत उदबत्ती.

“नळ्या बसवून केवढी सोय केलीत हो तुम्ही,” आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या.

आता बाळकृष्णाला उठवा म्हणायची माझी काय छाती? फुलं, धूर, देव, सगळ्यासकट फोटो काढला आणि दादरला जाऊन प्रकाशकांपुढे ठेवला.

त्यांनी हस्तलिखित बाजूला सारलं. याला कोण घाबरणार, म्हणाले, आणि ते खरंच होतं. इतक्या वर्षांची मेहनत तिथल्या तिथे संपली. मी पिशवी उचलून निघालो, तर ते अजून फोटोच बघत होते.

“अहो, थांबा जरा,” ते म्हणाले. “आमच्या आईला असं एक करून द्याल?”

माझ्या जागी कोणी स्वाभिमानी लेखक असता, तर फोटो हिसकावून तडक जिना उतरला असता. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, “उदबत्त्या किती लावतात त्या?”