उतरणीवरचा बाण

दामू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बाळकुमच्या खाडीवर वडिलांबरोबर मचवा वर ओढत होतो. पावसाळ्याआधी मचवे काठावर चढवून ठेवावे लागतात. ओंडक्यांना माशांचे तेल चोपडायचे, दोर खांद्यावर घ्यायचा आणि सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. डोंबिवलीहून आलेला माणूस बाजूला थांबून राहिला. मचवा अर्ध्यावर असताना कोणालाच दोर सोडता येत नाही, हे त्यालाही दिसत असावे. मचवा वर टेकल्यावर त्याने सांगितले. त्यानंतर मी दोर कुठे टाकला ते मला आठवत नाही...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहावे की नाही, हेच ठरत नव्हते. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि कॉलेजात टिकलो तो माझ्या वर्गातल्या दामूमुळे. यंत्रशास्त्राच्या तासाला उतरणीची उदाहरणे असत. तिरक्या फळीवर वजन ठेवले आहे, ते खाली येऊ नये म्हणून किती जोर लागेल, अशी. माझे उत्तर दर वेळी चुकायचे, कारण घर्षणाचा बाण मी नेहमी उतरणीच्या खालच्या दिशेने काढायचो. माझ्या डोळ्यांसमोर आमचे मिठागर असे. आमच्याकडे सगळे वरच चढवायचे असते, मिठाच्या पाट्या ढिगावर आणि मचवे काठावर. घर्षण म्हणजे मागे खेचणारी गोष्ट, एवढेच मला ठाऊक होते. ते कोणाला धरूनही ठेवते, हे काही केल्या मनात उतरत नव्हते.

“नारायणा, घर्षणाशी तुझं एवढं काय वैर आहे रे?” दामू म्हणाला, आणि रविवारी त्याने मला डोंबिवलीजवळ, कोपरच्या बाजूला असलेल्या त्याच्या घरी बोलावले. मी पडवीतच बसत असे. तेव्हा ते कोणालाच वावगे वाटत नव्हते, मलाही नाही. दामू आतून एक लांबट पाट घेऊन बाहेर आला आणि त्यावर मिठाची लाकडी डबी ठेवून एक कड हळूहळू उचलू लागला.

“दाम्या, मीठ सांडलंस तर सगळं अळणी जेवशील!” आतून त्याची आई, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, त्या ओरडल्या.

“सांडू दे गं, याच्या घरी डोंगर आहेत मिठाचे.” मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “आता हिला खाली जायचंय. मग तिला अडवणारा बाण कुठे जाईल? वर. वस्तू जिकडे निघते, त्याच्या उलट. झेपेल तितकं धरतं ते, आणि मग सुटतं.” पाट आणखी उचलला तशी डबी निसटली. त्याने निम्मे मीठ काढून घेतले. डबी पुन्हा तेवढ्याच चढावर निसटली. “बघ, वजन कितीही असो, घसरायचा कोन तोच. हिशेबात वजन दोन्हीकडून छाटलं जातं.”

घरी मी हे वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, “कालेजान जाऊन फली तिरकी धराला शिकतंस काय रं? ये उद्या, हितं बी हाय फली.” मी हे दामूला सांगितले, तर त्याला ते इतके आवडले की तो मला आल्यागेल्यासमोर तसेच विचारू लागला.

माघात त्याला ताप आला तो हटला नाही. छातीत पाणी झाले आहे, असे डॉक्टर म्हणाले. आडवे झाले की त्याचा श्वास अडे. म्हणून तोच पाट भिंतीला तिरका टेकवून, वर गोधडी घालून त्याला निजवत. आणि तो घसरायचा. थोड्या थोड्या वेळाने कमरेतून खाली यायचा आणि गुदमरायचा. पहिल्यांदा मी हे पडवीतूनच पाहिले. माई एकट्या त्याला वर ओढत होत्या, त्यांना तो पेलत नव्हता.

“तिथे काय उभा राहिलास? आत ये, धर त्याला!”

मी उंबरठा ओलांडला. गोधडी जुन्या लुगड्यांची, मऊ होती. ती काढून मी खरखरीत घोंगडी घातली. तो थोडा वेळ टिकला, मग पुन्हा खाली आला. पाट जरा कमी तिरका करून पाहिला, तर श्वास लागला. ज्या कोनात त्याला श्वास घेता येत होता, त्याच कोनात तो घसरत होता. मध्ये कुठे जागाच नव्हती. मी त्याला काखेत धरून वर घ्यायचो, आणि तो खाली यायचा...

“आता मीच उदाहरण झालोय,” तो एकदा हसून म्हणाला. “काढ बाण.” मी घोंगडीवर बोटाने वर जाणारी रेघ ओढली. “शाब्बास. तुझे हात बरे रे. मिठाने खरखरीत झालेत, धरून ठेवतात.”

पुढे तो फार वाळला. एके दिवशी त्याला वर घेताना माई म्हणाल्या, “आता तर अंगावर काही उरलं नाही रे. एवढा हलका झालाय, मग घसरतो का?” मला उत्तर येत होते. त्यानेच शिकवले होते. मी घोंगडी नीट करत राहिलो. मग, मचवे चढवायचे दिवस आले म्हणून, माईंनीच मला घरी पाठवले.

तो गेल्यावर मी गेलो तेव्हा माईंनी मला थेट त्याच्या खोलीत नेले. पाट तसाच तिरका टेकलेला होता, त्यावर घोंगडी. “देऊन टाका म्हणतात सगळे,” माई म्हणाल्या. “रोज आडवा घालते. आणि रोज मीच पुन्हा टेकवून ठेवते.” त्या पाणी आणायला आत गेल्या. घोंगडी मधोमध दबलेली होती आणि तिची कड खाली ओघळली होती. मी ती वर ओढून घेतली. हात काढला की ती पुन्हा जराशी खाली येत होती... म्हणून माई परत येईपर्यंत मी हात तसाच ठेवला.