पट्टीवाले काका

तलावाच्या काठावर गळ टाकणाऱ्यांचे परवाने तपासायची नोकरी काका सव्वीस वर्षं करत होते. हातात कायम लाकडी पट्टी, म्हणून सगळे त्यांना पट्टीवाले काका म्हणत. वीतभरापेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, हा एक नियम. आणि खात्याच्या माणसाने तलावात गळ टाकायचा नाही, हा दुसरा. पहिल्यावरून ते लोकांशी कडाकडा भांडत. दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नसत. पण माळ्यावरची जुनी गळाची काठी कुणाला तरी देऊन टाकू या, असं काकू म्हणाल्या, की त्यांच्यावर खेकसत.

परवा म्हाताऱ्या शिंप्याच्या बादलीत त्यांना बोटाएवढा मासा दिसला.

"तीस वर्षं गळ टाकताय, एवढं कळत नाही? आणा इकडे, मी सोडतो!"

"कळतं की," शिंपी म्हणाला. "तुमच्यासाठीच ठेवतो. आम्ही सगळेच ठेवतो."

काकांनी पट्टी खाली ठेवली. मासा ओंजळीत घेतला, काठावर बसून हात पाण्यात बुडवले. मासा केव्हाच निसटला, तरी त्यांचे हात काही वर येईनात.